शिक्षेला स्थगिती म्हणजे निर्दोष नव्हे. फटाके कशाचे फोडलेत?

खाडीपलीकडची

परवा इथे कुणीतरी तीन ओळी टाकल्या, सोबत फटाक्यांच्या माळेचा व्हिडिओ. "सत्याचा विजय झाला. हायकोर्टाने आपल्या माणसाला निर्दोष सोडलं. चिखल उडवणाऱ्यांनी आता माफी मागावी." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाचलं आणि झोप गेली ती गेलीच.

निर्दोष कुणी सोडलं हो? ऑर्डर वाचलीत का? तीन पानं आहेत. अपील दाखल करून घेतलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, जामीन मंजूर, महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि ज्या मुलीवर बलात्कार केला तिच्या गावात पाऊल टाकायचं नाही. निर्दोष माणसाला कुणी हजेरीला बोलावतं का? सत्र न्यायालयाने दहा वर्षं सक्तमजुरी दिली, तो निकाल आजही जागेवर आहे. तुरुंगाचं दार तात्पुरतं उघडलंय, एवढंच.

आणि माळ लावलीत ती कुठे, तर तिच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.

तांडेल

ताई, अंगठा देणाऱ्यांत मी आहे, लपवत नाही. "निर्दोष" हा शब्द चुकला, मान्य. पण तुमचा सूर असा की खालच्या कोर्टाने लिहिलं ते ब्रह्मवाक्य आणि वर जाणारा प्रत्येक जण पळवाट शोधणारा.

माझ्या मावसभावाचं ऐका. साखरपुडा झालेला, दोन वर्षं दोघं एकत्र फिरली, मग मानपानावरून दोन्ही घरांत बिनसलं. लग्न मोडलं आणि आठ दिवसांत "लग्नाचं आमिष दाखवून" म्हणून फिर्याद. सत्र न्यायालयात सात वर्षं लागली. वकिलांच्या फीपायी काकांनी दोन सिलिंडरची बोट विकली, जाळ्यांसकट. हायकोर्टाने सोडलं तोवर त्याची तीन वर्षं कळंब्याच्या तुरुंगात गेली होती. मधेच काका गेले. सुट्टी मंजूर होऊन तो घरी पोचला तेव्हा बारावं उरकलं होतं. त्याला ही तुमची "तात्पुरती स्थगिती" मिळाली असती तर बापाला खांदा तरी देता आला असता.

खाडीपलीकडची

तुमच्या मावसभावाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण प्रत्येक वेळी एक मावसभाऊ असतोच कसा?

तांडेल

आणि तुमच्याकडे प्रत्येक वेळी एक पाणंद असते.

काळा डगला

दोघं जरा दमानं घ्या. तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं कोट वाळवतोय, म्हणून बोलतो.

शिक्षेविरुद्ध अपील हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. साठ दिवसांत हायकोर्टात दाखल करायचं. तिथे सगळा पुरावा नव्याने तोलला जातो. मात्र साक्षीदार परत पिंजऱ्यात उभे राहत नाहीत, सगळं पेपरबुकावर, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांच्या संचावर चालतं. तेव्हा "मुलीला परत बोलावणार" ही नाक्यावरची बातमी खोटी. शिक्षेची स्थगिती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ खाली, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३० खाली. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर सोडण्याआधी सरकारी वकिलाला लेखी हरकतीची संधी द्यावीच लागते.

तांडेलभाऊंच्या भावाचा मुद्दाही हवेतला नाही. लग्नाचं वचन मोडणं वेगळं आणि पहिल्यापासून फसवायच्या इराद्याने दिलेलं खोटं वचन वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलंय. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत त्यासाठी ६९ हे स्वतंत्र कलमच आलंय.

आता गंमत ऐका. २०१८ ची दुरुस्ती म्हणते, बलात्काराच्या शिक्षेवरचं अपील दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. नव्या संहितेत कलम ४१५ मध्ये तेच उतरवलंय. सहा महिने! तेवढ्यात खालून रेकॉर्ड जाऊन पेपरबुक तयार झालं तरी मी कोर्टाच्या कँटीनमध्ये पेढे वाटीन. मग अपील लवकर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत येणार नाही, हेच स्थगितीचं कारण होऊन बसतं. उशीर कोर्टाचा, फायदा आरोपीचा आणि फटाके गावाचे.

नाक्यावरचा

मी स्वतः कोर्टात हजर होतो. उलटतपासणीत मुलगी पार गडबडली, वारसुद्धा सांगता आला नाही. ती ■■■ ■■■ मधली, सगळ्यांना माहीत आहे.

संपादक

वरच्या प्रतिसादातले दोन शब्द काढले आहेत. वाडी आणि शाळा सांगितली की नाव सांगितल्यासारखंच आहे. न्याय संहिता कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. पुन्हा झालं तर खातं बंद.

खाडीपलीकडची

कोर्टात हजर होतात? असा खटला बंद दाराआड चालतो. तुम्ही कुठे बसला होतात, पंख्यावर?

नाक्यावरचा

बाहेर व्हरांड्यात होतो. ऐकू येतं.

शाळेतल्या बाई

वार सांगता आला नाही म्हणे! मी आज काय वार विचारला तर निम्मा वर्ग चुकतो, आणि त्यांच्यावर काही बेतलेलं नसतं. एकट्या पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते, हे सुप्रीम कोर्ट १९९६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगून मोकळं झालंय. तपशिलातल्या किरकोळ विसंगतींनी केस पडत नाही.

आणि वरच्या कोर्टाचा शब्द म्हणजे सत्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी देसाईगंजचं पोलीस ठाणं आठवावं. साल १९७२. पोलिसांनी ठाण्यातच एका मुलीवर बलात्कार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये परत सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्या मुलीचं नाव सगळ्यांना पाठ आहे. मी मुद्दाम लिहीत नाही. चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा हलला.

लांब कशाला, जानेवारी २०२१. परत नागपूरच. कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं कलम काढून साध्या विनयभंगावर आणलं. तीन वर्षांची एक वर्षावर.

तांडेल

बाई, पुढचं पण सांगा ना. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. कशाने? अपिलानेच! अपिलावर डोळे वटारता आणि उदाहरण अपिलाचंच देता.

शाळेतल्या बाई

अपील नको असं मी कुठे म्हटलं? मुद्दा समजून घ्यायचाच नसेल तर राहू दे.

बाणकोटवाला

मूळ मुद्दा सगळे विसरलात. हे अपील कुठे चाललंय? कोल्हापुरात. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे हायकोर्टाच्या तिथे बसणाऱ्या सर्किट बेंचला जोडले. आम्हाला कुणी विचारलं होतं? वेसवीला फेरीबोटीत बसून पलीकडे बागमांडल्याला उतरलं की मुंबईचं हायकोर्ट, अलीकडे राहिलं की कोल्हापूरचं! मुंबईत निदान लालबागला मामा, परळला काकू, पथारी पसरायला जागा. कोल्हापुरात कुणाकडे जायचं? रंकाळ्यावर झोपायचं?

तांबडा पांढरा

इतकी वर्षं सहा जिल्ह्यांचे वकील रस्त्यावर बसले, तेव्हा हे बाणकोटवाले कुठे होते? मुंबईला एका तारखेसाठी रात्रभर एसटीत बसून जायचं, तिथे बोर्ड संपला म्हणून पुढची तारीख घेऊन यायचं, हे गोड वाटत होतं काय? रत्नागिरीवाला आता आंबा घाटाने सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जेवतो.

बाणकोटवाला

रत्नागिरी म्हणजे जिल्हा नव्हे. मंडणगड, दापोली, खेड नकाशात शोधा.

सावंतवाडीचो

आमका तर पर्वरीचा हायकोर्ट बरा. बांद्यासून तासाभराची वाट. पण ता पडला गोव्याचा आणि आमी पडलंव महाराष्ट्राचे. पावसात आंबोलीत दरड, फोंड्यात दरड, करूळ घाट तर २०२४ त काँक्रीट घालूक बंदच ठेवलेलो. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे म्हणान किती वर्सां आयकतंव. रूळ खय आसत?

चाकरमानी डोंबिवली

रेल्वेचं सोडा, मुंबई-गोवा हायवे आधी पुरा करा. गेल्या गणपतीत पळस्पे ते माणगाव करता करता पोरगं दोनदा ओकलं. आणि ज्यांनी...

तांबडा पांढरा

आता हायवेचा दोष पण कोल्हापूरवर टाका.

सावंतवाडीचो

टाकतलंव. दूध तुमचा पिताव, दोष पण तुमकाच.

बाणकोटवाला

आंबे आमचेच खाता ना पण? पेटीमागे दलाली किती कापता ते एकदा सांगा.

खाडीपलीकडची

एका मुलीच्या वाटेवर फटाके वाजले म्हणून मी लिहायला बसले होते. आता घाट, दूध आणि आंब्याची पेटी. चालू द्या. संपलं की हाक मारा.

काळा डगला

ताई, रागावू नका, पण घाटाचा संबंध आहे. शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज बोर्डावर येतो तेव्हा सरकारी वकील असतो, आरोपीचा वकील असतो. तिच्या बाजूने कोण? तिचं म्हणणं मांडण्याचा हक्क प्रत्येक टप्प्यावर आहे, हे लखीमपूर खेरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलंय. आरोपी निर्दोष सुटला तर तिला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या अखेरपासून. पण हक्क बजावायला आधी तिथवर पोचावं लागतं.

आशाताई

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आता राहवलं नाही. ही केस नव्हे बरं का, दुसऱ्या तालुक्यातली, खूप जुनी.

मुलीला ग्रामीण रुग्णालयात मीच घेऊन गेले होते. तिथल्या बाई डॉक्टर रजेवर, म्हणून जिल्ह्याला पाठवलं. पोलिसांची जीप, मागे मी आणि ती. तेच कपडे अंगावर. बदलायला मी माझा एक गाऊन पिशवीत टाकला होता. ती जीपमध्ये पूर्ण वेळ त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. बोलली काहीच नाही. तपासणी झाली, तिचे कपडे पाकिटात गेले, लाखेचं सील झालं, आणि ती माझ्या गाऊनवर घरी आली. गाऊन तिने परत दिला नाही, मी मागितला नाही.

खटला उभा राहायला वर्षं गेली. एक पंच फितूर झाला. सीएचा, म्हणजे रासायनिक तपासणीचा रिपोर्ट शेवटी शेवटी आला. मला पिंजऱ्यात विचारलं, त्या दिवशी पाऊस होता का? मी म्हटलं, साहेब, जुलै महिना. हसले सगळे. शिक्षा झाली.

तोवर मुलीचं लग्न झालं होतं. सासरी कुणाला काही माहीत नव्हतं. मग आरोपीच्या अपिलाची नोटीस आली. पोलीस युनिफॉर्मात, मोटारसायकलवर, माहेरच्या अंगणात. वाडीतल्या चार बायका लगेच कुंपणाशी. तिच्या आईला इंग्रजी येत नाही. कागद पदराखाली धरून माझ्याकडे धावत आली आणि एकच विचारलं, "सुटला काय गो तो?" मी नर्सिंगपुरतं इंग्रजी शिकलेली. अर्धा तास बोट ठेवून वाचला. निकाल नव्हताच त्यात. तारीख होती.

अपील चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या माउलीने नंतर प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला दाराशी यायचं, हे मी चार वर्षं बघितलंय.

शाळेतल्या बाई

पुढे काय झालं अपिलाचं?

आशाताई

शिक्षा कायम राहिली. ते तिला कळवायला कुणी आलं नाही. मीच सांगितलं, बाजारात, भाजीच्या पाटीमागे.

नाक्यावरचा

या गोष्टीचा या केसशी काय संबंध? भावनिक करून...

तांडेल

गप रे तू जरा.

ताई, नोटीस मराठीत पाठवावी आणि साध्या कपड्यातल्या बाईने न्यावी, एवढं मान्य. बाकी माझं मत तेच. मावसभाऊ सुटला त्याचा कागदही इंग्रजीतच आला होता. काकूने तो लॅमिनेट करून भिंतीला लावलाय, वाचता कुणालाच येत नाही. बंदरावर अजून त्याला खलाशी म्हणून कुणी सहज घेत नाही. त्याच्या घरी आम्ही फटाके फोडले नव्हते.

काळा डगला

कागद पाठवा मला, मराठीत करून देतो. पैसे नकोत.

खाडीपलीकडची

तांडेल, तुम्ही फोडले नाहीत हे कळलं. त्या व्हिडिओचा अंगठा काढलात का?

तांडेल

मघाशीच काढला. तुमच्या पोस्टलाही देणार नाही.