मॅडिसनचे साडेसतरा लाख डॉलर: दोष कुणाचा, पैसे कुणाचे?

रेगेकाका: काल एका धाग्यावर कुणी ठोकून दिलंय की अलाबामातल्या मॅडिसन शहराने २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर दिले, 'म्हणजे तो पोलिस दोषी ठरला'. काहीच्या काही! फेब्रुवारी २०१५. गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फुटपाथवर चालत होते. संशयावरून कुणीतरी फोन केला, पोलिसाने आडवं पाडलं, मानेची शस्त्रक्रिया झाली, अंग अर्धवट लुळं पडलं. सगळं खरं. पण संघीय फौजदारी खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. राज्याचा मारहाणीचा खटलाही बारगळला. तडजोड म्हणजे निकाल नव्हे, कबुली तर नव्हेच.

तिरकस: काका, अर्धंच सांगितलंत. फौजदारीत 'जाणूनबुजून हक्क मोडला' हे निःसंशय दाखवावं लागतं, दिवाणीत पारडं जरा झुकलं की पुरे. दिवाणी दावा कलम १९८३ खालचा होता, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने हक्क मोडला तर भरपाई मागण्याचा अमेरिकी कायदा. पोलिसाने क्वालिफाइड इम्युनिटी (अशा दाव्यांपासून अधिकाऱ्यांना मिळणारं संरक्षण) मागितली, खालच्या कोर्टाने नाकारली, २०२० मध्ये अकराव्या सर्किटने, म्हणजे वरच्या संघीय अपील कोर्टानेही नाकारली. पुढच्याच वर्षी तडजोड. योगायोग का?

रेगेकाका: इम्युनिटी नाकारली म्हणजे 'ज्युरीपुढे जाऊ द्या', एवढंच. त्या टप्प्यावर वादग्रस्त मुद्दे दावेदाराच्या बाजूने धरतात.

आखाडा: कायदा ठेवा बाजूला, डॅशकॅम (पोलिस गाडीतला कॅमेरा) बघा. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, आणि तसंच पुढे आपटलं. हात मोकळे असले तर माणूस पडताना तळवे टेकतो. इथे टेकायला काहीच नाही. डोकं जमिनीला आणि सगळा झटका मानेला. ज्याचे हात तुमच्या ताब्यात, त्याचं वजनही तुम्हीच पेलायचं: दंड धरून आधी गुडघ्यांवर, मग पोटावर.

रेगेकाका: आजोबा प्रतिकार करत होते, असा पोलिसाचा बचाव होता.

आखाडा: मान वळवून बघणं म्हणजे प्रतिकार? इंग्रजी येत नव्हतं त्यांना! पोलिसाचं बळ वाजवी होतं का हे ठरवणारे, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रॅहम खटल्यातले (१९८९) तीन प्रश्न लावा. गुन्हा किती गंभीर? फुटपाथवर चालणं. धोका? शून्य. पळत होते? नाही. अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहराचंही तेच: अटकेतल्या माणसाचे हात मागे बांधलेले, व्हॅनमध्ये सीटबेल्ट नाही, करकचून ब्रेक, मान मोडली. २०२३ मध्ये साडेचार कोटी डॉलरची तडजोड.

तलाठी: म्हणजे भुर्दंड करदात्याला! पोलिसाच्या पगारातून का कापत नाहीत?

वकीलबाई: न्यू हेवनच्या रकमेतले तीन कोटी विम्याचे होते. आणि नुसता मालक म्हणून शहर जबाबदार होत नाही, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या मोनेल निकालाने (१९७८) शहराचं धोरण किंवा रूढी दाखवावी लागते. तरी शहरं भरतात, कारण नोकराची भरपाई आपण करू असं आधीच बांधून घेतलेलं असतं.

तलाठी: आपल्याकडे महापालिका दमडी तरी देईल का?

वकीलबाई: का देईल? पोलिस गृहखात्याचे. साधा नुकसानभरपाईचा दावा लावलात तर सरकार सर्वोच्च न्यायालयाचा कस्तुरीलाल निकाल (१९६५) पुढे करतं, सार्वभौम (फक्त सरकारच करू शकतं असं) कार्य म्हणून हात वर. म्हणून रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात याचिका. रुदुल शाह, १९८३: निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं डांबलं, मिळाले एकूण ३५ हजार. नीलाबती बेहेरा, १९९३: मुलगा कोठडीतून बाहेर पडला तो प्रेत होऊन, दीड लाख. आणि रिट टिकतं कागदावर. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी (बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३), तिच्यात जखमा आणि त्या अंदाजे कधी झाल्या ते लिहून हवं, प्रत मागून घ्यायची. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने, न जमल्यास निदान वर्षभर ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. उशीर झाला की 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर तयार असतं.

रेगेकाका: धागा अलाबामाचा आहे, बाई!

वकीलबाई: मग तिथलंच सांगते. तिथे डॅशकॅम नसता, तर अकराव्या सर्किटपुढे उरलं असतं फक्त पोलिसाचं म्हणणं आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाचं म्हणणं.

रेगेकाका: बरं. दिवाणीत पोलिसाची बाजू लंगडी होती, मान्य. 'दोषी' मात्र लिहायचं नाही.

तिरकस: नाही लिहीत. 'निर्दोष, फक्त साडेसतरा लाख डॉलरला पडला', असं चालेल?