इटलीत मराठा पलटणीच्या वाटेने जायचंय

प्रश्न: आजोबा पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, १९४४ला इटलीत लढले. आईला तिथे न्यायचंय. गाइड लागेल का?

उत्तर १: स्थानिक गाइड घ्याच, आम्ही घेतला होता. उघड्या उतारावर उभं राहून त्याने १० जुलै १९४४ सांगितला. हाताखालचे सगळे पडले, तरी तुमच्या आजोबांच्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, मग बंदूक नळीकडून धरून तिचेच घाव घातले. शेवटी शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. माणगावकडचा २२ वर्षांचा मुलगा हो! थडगं नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माँटोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलंय, ते चुकवू नका.

उत्तर २: सेनिओ नदीही बघा, तिथे लढलेली बटालियन आजोबांची तिसरी नसून पहिली असली तरी. ९ एप्रिल १९४५ला तिच्यातल्या शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारात, सुरुंगांतून जखमींना पाठीवर घेऊन नदी ओलांडली.

प्रश्नकर्ता: आजोबा नेमके कुठे होते, कसं कळेल?

उत्तर १: बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला सैनिक क्रमांकासह लिहा. बटालियनच्या युद्ध-डायऱ्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या आधी मिळवा, तिकिटं नंतर.