मदत हवी आहे: आजींची एमएसई (मानसिक स्थितीची तपासणी) मराठीत कशी घेऊ?

बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष. सायकियाट्रीची पोस्टिंग चालू आहे आणि शुक्रवारी केस प्रेझेंटेशन. पेशंट म्हणजे साठी ओलांडलेल्या आजी, शाळेची पायरी न चढलेल्या, डिप्रेशनसाठी ॲडमिट. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पेहराव, बोलणं, भाव एवढं जमलं. अडले ते पुढे. "आज तारीख काय?" विचारलं तर म्हणाल्या, "एकादशी होऊन दोन दिस झाले." मी फॉर्मवर 'वेळेचं भान नाही' असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी वॉर्डातलं कालनिर्णय पाहिलं तर आजी बरोबर! मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'नाचता येईना अंगण वाकडे'चा अर्थ विचारला, तर पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेला विचार की." आता हे 'अर्थ सांगता आला नाही' म्हणून लिहायचं का? मॅडमचं लाल पेन तयारच असतं.

खरी भीती वेगळीच आहे. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "देवानं उचलावं आता." आमची आजीही उठता बसता असंच म्हणते, म्हणून मी ते लिहिलंच नाही. काल रात्रभर तेच डोक्यात होतं. आत्महत्येचं थेट विचारलं तर उलट त्यांच्या डोक्यात विचार घातल्यासारखं होणार नाही ना? विचारायचं तर कुठल्या शब्दांत?

रातपाळी
नाही होणार. विचारल्याने धोका वाढत नाही, बहुतेकांना हायसंच वाटतं. एकदम शेवटच्या प्रश्नावर मात्र उडी मारू नकोस. खाटेजवळ खुर्ची घे, आजूबाजूच्या नातेवाईकांना चहाला पाठव. "जगणं नकोसं वाटतं का?" मग "स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का?" मग "कसं करायचं ते ठरवलंय का? आधी कधी केलं होतं का?" 'हो' आलं की पुढचा प्रश्न. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द कधीच देऊ नकोस. आणि हे शुक्रवारपर्यंत थांबणारं नाही. आजच इन्चार्ज सिस्टरना सांग, आजींचं वाक्य त्यांच्याच शब्दांत नोट्समध्ये लिही.

वाळवंटातली_सिस्टर
वजाबाकीबद्दल. शाळा न शिकलेल्या माणसाला सात-सात वजा करायला लावलं तर आपण एकाग्रता नाही, शिक्षण तपासतो. वीसपासून उलटे अंक किंवा वार उलटे म्हणायला सांग. हिशेब बघायचाच असेल तर "शंभराची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, परत किती?" हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या वृद्धांसाठी एचएमएसई ही स्मरणशक्ती, भान वगैरे तपासणारी हिंदी चाचणी मुद्दाम तयार केली होती, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅडमना ते दाखव. तारीख इंग्रजी महिन्यातच यावी असं कुठे आहे? 'तिथी अचूक सांगितली' असं लिही. बाकी सुनेचं उत्तर मला तरी म्हण समजल्याचंच वाटतं. शब्द न शब्द उतरव, फक्त 'अॅबनॉर्मल' लिहून सोडू नकोस.

रातपाळी
सुनेच्या बाबतीत मी सहमत नाही. गंमत असेल, तक्रारही असेल. घरात काय चाललंय ते विचार, सून भेटायला आली की तिच्याकडूनही ऐक.

धागाकर्ती
दुपारी विचारलं. पहिल्या प्रश्नाला लगेच "व्हय". "काही ठरवलंय का?" म्हटल्यावर पदराच्या टोकाला कितीतरी वेळ पीळ देत बसल्या, मग नुसती मान हलवली. मी तिथून उठलेच नाही, मैत्रिणीला हाक मारून सिस्टरना बोलावून घेतलं. डॉक्टर बघून गेले, खाट नर्सिंग स्टेशनसमोर घेतली, दर पंधरा मिनिटांनी लक्ष ठेवायला सांगितलंय. पहिल्या दिवशीची माझी चूक सिस्टरना सांगितली, बोलणी खाल्ली. भाजीचा हिशेब उद्या विचारते.