लेस विणायला घेण्यापूर्वीच तिची मांडणी ठरवावी का?

प्रश्न
पांढऱ्या सुती दोऱ्याची, साधारण ३३ सेंटिमीटर व्यासाची गोल क्रोशाची लेस विणून ती भिंतीवर चौकटीत लावण्याचा विचार आहे. आजवरचे विणकाम टेबलावर किंवा कपड्यांच्या काठांना गेल्यामुळे मापाची फारशी चिंता नव्हती, चौकटीत मात्र बोटभर फरकही खुपेल. चौकट आधी घ्यावी का? लेस दोन काचांमध्ये ठेवून अधांतरी दाखवणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १
तयार चौकट घेणार असाल तर ती आधी घ्या आणि माप चौकटीचे नव्हे, तर आतल्या मोकळ्या जागेचे धरा. ठरलेल्या दोऱ्याने आणि सुईने एक नमुना विणून, धुऊन, न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून पूर्ण वाळू द्या. विणताना १० सेंटिमीटर असलेला नमुना वाळल्यावर ११ भरला, तर तुमच्या लेसचे माप विणताना ३० च्या आसपास असायला हवे.

तोच नमुना पार्श्वभूमीच्या कापडावर ठेवून, उभा धरून, चार पावलांवरून पाहा. हातात नाजूक दिसणारी जाळी भिंतीवर अनेकदा नुसता पांढरट ठिपका वाटते, आणि ४० नंबरऐवजी २० नंबरचा जाड दोरा घ्यायचा की नक्षीतली भोके मोठी ठेवायची, हे ठरवण्याची वेळ तीच असते. कापड गडद असावे, पण धुऊन रंग जात नाही याची खात्री करून घ्यावी.

प्रतिसाद २
गडद हवे हे मान्य, पण पांढऱ्या दोऱ्यामागे काळा रंग मला फार कठोर वाटतो. करडा किंवा गडद निळा पाहावा.

दोन काचांची मांडणी मी टाळेन. काचेला चिकटलेल्या सुतात ओल अडकून बुरशी धरू शकते, म्हणून काच आणि लेस यांच्यात माउंटची, म्हणजे चौकटीत काचेखाली बसवायच्या जाड पुठ्ठ्याच्या कडेची, जाडी तरी असावीच. उठावाची फुले विणणार असाल तर खोल पेटीच लागेल. लेस कापडावर बारीक टाक्यांनी शिवावी, कारण गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि काढताना दोरा तुटतो. त्यासाठी शेवटच्या फेरीतच समान अंतरावर साखळीचे छोटे फास ठेवले, तर टाके त्यांत लपतात. भार वरच्या भागावर येतो, तेव्हा तिथे टाके अधिक घाला.

प्रतिसाद ३
जागाही आत्ताच ठरवा. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते व भरून येत नाही; संग्रहालये नाजूक वस्त्रांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. घरात तेवढा अंधार कोणी ठेवणार नाही, पण ऊन पडणारी भिंत टाळता येते. खळही देऊ नका, तिच्यावर कसर येते.

प्रश्नकर्ती
काचांचा बेत सोडला. फास बाहेर दिसू नयेत म्हणून ते कडेच्या टोकांमागे घेतले तर चालेल का?

प्रतिसाद २
चालेल, मात्र नमुन्यालाही तीच कड विणा. मागे घेतलेल्या फासांनी टोके वर उचलली जातात का, हे ताणून वाळवल्यावरच दिसेल.