५० मिमीची ‘डी’ लेन्स घेण्यापूर्वी

नवा कॅमेरा घेताना बॉडीवरचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावरचा, खर्च आवरून ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्यावी, असे मत मांडले जाते आणि ते मला पूर्णपणे पटते. ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते, त्या तुलनेत १.८ ला नऊ-दहा पट प्रकाश आत येतो. मात्र सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळणारी निकॉनची जुन्या धाटणीची ‘डी’ लेन्स त्यांच्याच डी३५०० किंवा डी५६०० या कॅमेऱ्यांवर ‘व्यवस्थित चालते’ असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, तिला बॉडीतली मोटर फिरवते, आणि या दोन्ही बॉडींमध्ये ती नाही, त्यामुळे फोकस हाताने करावा लागतो. डी७५०० मध्ये ती मोटर आहे. अशा बॉडीच्या माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो, तो खरेदीपूर्वी अवश्य पाहावा.

भाचीच्या बारशाला मी ‘डी’ लेन्स आणि मोटर नसलेली बॉडी हीच जोडी घेऊन गेलो होतो. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत हाताने रिंग फिरवायची, आणि तेवढ्यात पाळण्यातले बाळ मान वळवत असे. नाव ठेवतानाचा एकही फोटो डोळ्यांवर नेमका फोकस होऊन आला नाही, याची हळहळ अजून वाटते. शिवाय या कॅमेऱ्यांतल्या लहान आकाराच्या ‘डीएक्स’ सेन्सरवर ५० मिमीने दहा फुटांवरून जेमतेम पावणेपाच फूट रुंदीचे दृश्य मावते, त्यामुळे घरातल्या समारंभांसाठी मी ३५ मिमी एफ १.८ जी हीच लेन्स सुचवेन. तिच्यात मोटर आहे आणि तेवढ्याच अंतरावरून पावणेसात फूट दृश्य मिळते.