लाकडातले देव: नतुनग्रामची भर

पूजेची लाकडी मूर्ती म्हटलं की बऱ्याच जणांना फक्त पुरीचा जगन्नाथ आठवतो. त्यात थोडी भर घालतो. पश्चिम बंगालच्या पूर्व वर्धमान जिल्ह्यात, अग्रद्वीप स्टेशनाजवळ नतुनग्राम नावाचं गाव आहे. तिथली सूत्रधार मंडळी, म्हणजे तिकडचे परंपरागत सुतार, पिढ्यान्‌पिढ्या गौर-निताई (चैतन्य महाप्रभू आणि त्यांचे सोबती नित्यानंद), राधाकृष्ण आणि जगन्नाथ लाकडात घडवत आली आहेत. लाकूड बरंचसं गामारचं, म्हणजे आपल्याकडची शिवण. हलकं आणि कोरायला सोपं. आधी ओंडका तासून ढोबळ आकार काढायचा, मग छिन्नीने नाक-डोळे, वस्त्राच्या चुण्या. रंगकामात घरातल्या बायकांचा मोठा हात असतो. लाल, पिवळा, हिरवा असे भडक सपाट रंग, त्यावर काळ्या रेघेने काढलेले लांबट डोळे. गौर-निताईचे कीर्तनात वर उचललेले हात तर बघत राहावेत असे!

गावाची खरी ओळख मात्र लक्ष्मीचं घुबड. आपल्याकडे लोक त्याला अशुभ मानतात, तिथे ते लक्ष्मीचं वाहन म्हणून मानाने घरात येतं. हल्ली घुबडाचे स्टूल आणि टेबलंही होतात. त्याला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण देव कोरणारे हात त्यावरच टिकतात.