परदेशातल्या लिटरभर दुधाला शंभरानं गुणायचं का?

औसेकरीण, म्युनिक
माझं गाव औशाजवळ. घरी कोरडवाहू तूर आणि सोयाबीन. मास्टर्ससाठी इथं जर्मनीत येऊन वर्ष झालं. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न, "तिथं काय काय महाग हाय?" मी भाव सांगितला की पलीकडं लगेच युरोचे रुपये करायला शंभरानं गुणाकार सुरू. हा गुणाकार चुकीचा आहे आणि नव्यानं आलेल्या पोरांना तो उपाशी ठेवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधं दूध इथं लिटरला एक युरोच्या आसपास मिळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर रुपये! पण २०२६ पासून इथं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कपात धरली तरी पाच-सहा मिनिटांच्या कामात लिटरभर दूध येतं. आमच्याकडं खुरपणीला बाईचा रोज ३०० रुपये आणि दूध ६० रुपये लिटर. तेवढ्याच दुधासाठी तिला दीड तास उन्हात वाकावं लागतं.

गोदाकाठ, नांदेड
ताई, हिशोब बरोबर आहे, पण तो कमावत्या माणसाचा. माझा मुलगाही जर्मनीतच शिकतो. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक अकाउंटला, म्हणजे बंदिस्त खात्यात भरले, त्यातून महिन्याला ९९२च काढता येतात. ते पैसे कर्जाचे, तारण राहतं घर. व्याज रुपयांत चढतंय. विद्यार्थ्याला वर्षात पूर्ण दिवसाचं काम १४० दिवसच करता येतं, अन् भाषा येत नसेल तर तेही लवकर मिळत नाही. मग त्यानं बाहेर कॉफी पिताना गुणाकार करायचा नाही तर काय करायचं? मी त्याला बजावूनच सांगितलंय, खिशात हात घालायच्या आधी शंभरानं गुण.

बालाघाट, शारजा
तुमचा मिनिटांचा हिशोब आम्हाला लावू नका. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या मजुराला इथं किमान वेतनाचा कायदा नाही. एका खोलीत सहा जण, स्वयंपाकाची पाळी ठरलेली, भात-डाळ रोजची. कॅफेटेरियातला करक (कडक दुधाचा) चहा एक-दोन दिरहमला, तेवढीच चैन.

पण गोदाकाठच्या काकांचंही मला पटत नाही. इथला दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक डॉलर. रुपया घसरला की तोच चहा रुपयांत महाग दिसतो, पण त्याच महिन्यात घरी जाणारी रक्कमही वाढते. मग चहाचंच तेवढं दुःख का करायचं? मी एवढंच बघतो की घरी किती गेलं आणि अंगात काम करायची ताकद राहिली का.

जालन्याची लेक, फ्रँकफर्ट
अकरा वर्षं इथं आहे. जेवण महाग नाही, बाहेर बसणं महाग आहे. आपल्याकडं हॉटेलात बसलं की आधी पाण्याचा तांब्या येतो. इथं पाणी मागवलं की बाटली येते, आणि तिचं बिल लागतं. जानेवारी २०२६ पासून हॉटेलातल्या जेवणावरचा कर १९ वरून ७ टक्क्यांवर आला, पेयांवर मात्र १९ च राहिला. दुधाला ७, बाटलीतल्या पाण्याला १९!

आणि नळाचं पाणी उत्तम असतं, निर्धास्त प्या. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी मावशी तिथं होती. इथं नळाखाली तांब्या धरला की मला अजून तिची आठवण येते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती परत करा, टाकू नका.

खरं महाग पडतं ते आपलं. ज्वारीचं पीठ फक्त भारतीय दुकानात, इथल्या गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट भावानं. म्हणून येताना येसर मसाला, शेंगदाण्याची चटणी, डाळ आणा. तूप आणि पेढे आणू नका, दुधाचे पदार्थ प्रवाशांना आणू देत नाहीत. एरवी इथले बटाटे, अंडी, ओट्स खायला शिका.

औसेकरीण
काका, कर्जाचं तुमचं दुःख मला कळतं, आमचंही शेत गहाण आहे. पण मला काम मिळायच्या आधीचे चार महिने सांगते. मी प्रत्येक गोष्टीला शंभरानं गुणायचे. चारशे रुपयांचं जेवण म्हणून दुपारी काही खायचेच नाही. हिवाळ्यात चक्कर येऊन पडले, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. घरी आजवर सांगितलेलं नाही. त्या वेळी रोज मेन्सात जेवले असते तरी ९९२ मध्ये बसलं असतं.

गोदाकाठ, नांदेड
कर्जाचं माझं म्हणणं तसंच आहे, ताई. पण मेन्सा म्हणजे काय? पोरगा कधी बोलला नाही.

औसेकरीण
विद्यापीठाची खाणावळ, काका. विद्यार्थ्याचं कार्ड दाखवलं की तीन-चार युरोत पोटभर गरम जेवण मिळतं. त्याच्याही गावात असेलच. दुपारी काय खातो, विचारा.